परिचर्या संशोधन: रुग्णसेवेतील समन्वय आणि परिचारिकांचे मनुष्यबळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापूर जिल्ह्यातील रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि परिचर्या महाविद्यालये येथील ज्या सिस्टर, ब्रदर आणि विद्यार्थ्यांना या विषयावर शोधप्रबंध किंवा एखादा छोटा अभ्यास करायचा आहे, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे शोधप्रबंधांना मार्गदर्शन करणाऱ्या एका पाठ्यनिर्देशिकेची (परिचर्या महाविद्यालयातील शिक्षिकेची) आहेत. जेथे निकष ठरलेला आहे तेथे तो निकष दिला आहे आणि जेथे माझे मत आहे तेथे ते मत म्हणूनच लिहिले आहे.

रुग्णसेवेतील समन्वय म्हणजे नेमके काय?

एका रुग्णाची काळजी अनेक हातांतून जाते. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना माहिती, औषध आणि जबाबदारी यांपैकी काहीही मध्येच गळू नये म्हणून जे काम करावे लागते, त्याला समन्वय म्हणायचे. व्याख्येपेक्षा एक डिस्चार्ज डोळ्यांसमोर आणलेला बरा.

गगनबावडा तालुक्यातील एका वाडीवरचे सत्तरीचे आजोबा हृदयाच्या त्रासासाठी कोल्हापुरात आठ दिवस दाखल होते, असे समजा. दुपारी दीड वाजता त्यांचा डिस्चार्ज होतो. सकाळच्या ड्युटीची सिस्टर दोन वाजता ओव्हर देणार (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवणार) असते, कॅज्युअल्टीतून त्याच खाटेसाठी दोनदा फोन येऊन गेलेला असतो आणि आजोबांच्या मुलाचे लक्ष एसटीच्या वेळेकडे असते. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते. त्यावर सहा औषधे असतात. त्यांतली लघवीची गोळी अर्धी आणि सकाळीच घ्यायची असते. घरी आधीपासून चालू असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे काय करायचे, हे मात्र कार्डावर कोठेच नसते. कागद, ईसीजीच्या पट्ट्या आणि गोळ्या कापड दुकानाच्या एका पिशवीत भरल्या जातात आणि ती पिशवी घरी पोहोचल्यावर खुंटीला लागते. आजोबा परत आल्याचे आशाताईंना तिसऱ्या दिवशी कळते आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना पायांवर सूज चढल्यावर.

या सगळ्यात कोणी कामात कसूर केलेली नाही, हे लक्षात घ्यावे. डॉक्टरांनी कार्ड लिहिले, सिस्टरने गोळ्या समजावल्या, मुलाने मान डोलावली. संशोधनाचा विषय या तिघांच्या मधली जागा हा आहे.

हे तर रोजच्या ड्युटीचेच काम आहे. त्यावर संशोधन कशासाठी?

रोजचे असल्यामुळेच ते मोजले जात नाही. इंजेक्शन दिले की नोंद होते. आजोबांच्या मुलाला गोळ्या दोनदा समजावून त्याच्याकडून परत वदवून घेतल्या, तर त्या दहा मिनिटांची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही. ज्याची नोंद नाही त्यासाठी माणूस मिळत नाही, आणि माणूस नसला की ते काम सर्वांत आधी वगळले जाते.

बाहेरच्या देशांतील पुरावा मात्र भक्कम आहे. अमेरिकेत मेरी नेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरील ३६३ रुग्णांचे चिठ्ठी पद्धतीने दोन गट केले होते. एका गटाला नेहमीचा डिस्चार्ज मिळाला. दुसऱ्या गटाच्या रुग्णांना प्रगत प्रशिक्षण घेतलेली परिचारिका रुग्णालयात असल्यापासून भेटत होती आणि घरी गेल्यावरही तीच भेटी देऊन व फोनवरून पाठपुरावा करत होती. २४ आठवड्यांत पुन्हा दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या गटात ३७.१ टक्के, तर परिचारिकेचा पाठपुरावा असलेल्या गटात २०.३ टक्के होते. एरिक कोलमन यांच्या २००६ च्या अभ्यासात रुग्णाला व कुटुंबाला स्वतःची औषधे आणि धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवले, तेव्हा ३० दिवसांतील पुनर्दाखल ११.९ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले.

हे आकडे उचलून कोल्हापूरला लावता येत नाहीत. तेथे घरभेटीला मोटारीने जाणारी परिचारिका आहे, येथे चालत जाणाऱ्या आशाताई आहेत. तेथे रुग्ण एकटा राहतो, येथे घरात सहा माणसे असतात आणि गोळ्या देण्याची जबाबदारी बहुधा सुनेवर असते, जिला डिस्चार्जच्या वेळी रुग्णालयात कोणी आणलेलेच नसते. येथे अभ्यास करण्याची गरज या फरकातूनच निर्माण होते.

समन्वय आणि मनुष्यबळ विकास हे दोन वेगळे विषय नाहीत का?

अभ्यासक्रमात ते वेगळ्या प्रकरणांत येतात, वॉर्डात ते एकच असतात. समन्वय हे वेळ खाणारे काम आहे आणि वेळ म्हणजे परिचारिकांची संख्या गुणिले त्यांचे कौशल्य. लिंडा एकेन यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या अभ्यासातून दाखवले, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. युरोपातील नऊ देशांतील ३०० रुग्णालयांवर आधारलेल्या २०१४ च्या अभ्यासातही तेवढाच परिणाम आढळला. शिवाय पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असेल, तर मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी असल्याचेही त्यात दिसले. म्हणजे संख्या आणि शिक्षण या दोन्ही बाजू सुट्या पाहून चालत नाही. अर्थात हे संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, त्यांत प्रयोग केलेला नाही, हे प्रबंधात लिहायला विसरू नये. परीक्षक तेथेच बोट ठेवतात.

एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत, याचा भारतातील निकष कोणता?

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण वॉर्डात अध्यापन रुग्णालयासाठी १:३ आणि इतर रुग्णालयांसाठी १:५ असे प्रमाण असून त्यावर रजा राखीव म्हणून, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी, ३० टक्के पदे धरायची असतात. येथे जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी घसरतो. १:३ हे प्रमाण एकूण पदांचे आहे. तीन पाळ्यांत विभागल्यावर प्रत्येक पाळीला ते १:९ होते, आणि १:५ चे १:१५ होते. उदाहरणार्थ, अध्यापन रुग्णालयातील ३० खाटांच्या वॉर्डासाठी १० पदे आणि रजा राखीव ३, अशी १३ पदे लागतील आणि प्रत्येक पाळीला साधारण तीन अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) मिळतील. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून प्रमाण बंधनकारक केले. तेथील सर्वसाधारण वॉर्डाचे आजचे १:५ हे कोणत्याही क्षणी प्रत्यक्ष ड्युटीवर असलेल्या परिचारिकेचे प्रमाण आहे. दोन्हीकडे '१:५' लिहिलेले असले तरी दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे ठरते.

आणखी एक गोष्ट. आपल्या निकषात खाट मोजली जाते आणि वॉर्डात माणसे असतात. पावसाळ्यात तापाची साथ आली की दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून रुग्ण घेतले जातात, हे सांगायला नको. म्हणून अभ्यासात मंजूर पदे, भरलेली पदे आणि त्या पाळीला प्रत्यक्ष हजर असलेल्या परिचारिका हे तीन आकडे वेगवेगळे घ्यावेत आणि त्यांच्यासमोर त्या पाळीतील प्रत्यक्ष रुग्णसंख्या लिहावी. रात्रीची पाळी बारा तासांची असेल तर तिची सरासरी दिवसाच्या पाळ्यांत मिसळू नये.

कोल्हापुरात अभ्यासासाठी कोणता प्रश्न घ्यावा?

आधी कोणता घेऊ नये ते सांगते. 'अमुक विषयावरील नियोजित शिक्षण कार्यक्रमाची ज्ञानावरील परिणामकारकता' या साच्याचे प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात पुरेसे आहेत. पूर्वचाचणी घ्यायची, तासभर शिकवायचे, सातव्या दिवशी उत्तरचाचणी घ्यायची आणि गुण वाढले म्हणून लिहायचे. गुण वाढणारच असतात. रुग्णाच्या बाबतीत काय बदलले, हे त्यातून कळत नाही.

या जिल्ह्यात विचारण्यासारखे प्रश्न रस्त्यावर पडलेले आहेत. पहिला, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, ऊसतोड मजुरांचा. हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून कोयते येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बाहेरच्या वाचकासाठी. त्यांतल्या गरोदर बाईची नोंदणी गावच्या उपकेंद्रात झालेली असते, धनुर्वाताचे इंजेक्शन तेथे घेतलेले असते आणि माता-बाल संरक्षण कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत राहिलेले असते. सातव्या महिन्यात ती हातकणंगले किंवा शिरोळ तालुक्यातील फडात असते आणि प्रसूतीच्या वेळी गावी परतलेली असेल की येथेच असेल, हे मुकादमाच्या (मजुरांची टोळी आणणाऱ्याच्या) हिशेबावर ठरते. तिची माहिती एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात कशी जाते, मधल्या काळात किती तपासण्या चुकतात आणि आरोग्य सेविका तिला कशी शोधून काढते, यावर साध्या वर्णनात्मक अभ्यासानेही खूप काही हाती लागेल. येथे एक खबरदारी घ्यावी. खोपीवर प्रश्नावली घेऊन दिवसा गेल्यास कोणी भेटणार नाही, आणि मुकादम शेजारी उभा असताना मिळालेली उत्तरे वापरण्यायोग्य नसतात.

दुसरा प्रश्न पुराचा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने रस्ते बंद झाले, तेव्हा डायलिसिसचे रुग्ण, इन्सुलिन घेणारे, क्षयरोगाचे उपचार चालू असलेले आणि दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रिया यांची काळजी कोणी व कशी सांभाळली, हे सांगू शकणाऱ्या परिचारिका अजून सेवेत आहेत. त्यांच्या सविस्तर मुलाखतींवर आधारित गुणात्मक अभ्यास आत्ता केला नाही, तर निवृत्तीबरोबर ती माहितीही जाईल. पाणी येण्याआधी गावनिहाय यादी कोणाकडे होती, ती कागदावर होती की आशाताईंच्या डोक्यात होती, असे साधे प्रश्न विचारावेत.

तिसरा प्रश्न सीमेचा. सिंधुदुर्गातून घाट चढून आणि निपाणी-बेळगाव भागातून रुग्ण कोल्हापुरात येतात. परत पाठवणीचे पत्र ज्या आरोग्य केंद्राकडे जायला हवे ते दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यात असते, आणि घरी औषधे देणाऱ्या बाईला कन्नडच वाचता येत असते.

हँडओव्हरचा अभ्यास कसा करावा?

प्रत्यक्ष निरीक्षणाने. 'आपण ओव्हर व्यवस्थित देता का?' या प्रश्नाला आजवर कोणी 'नाही' म्हटलेले मला ठाऊक नाही.

निरीक्षणासाठी सद्यस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन आणि शिफारस या चार भागांची पद्धत आधार म्हणून घेता येते. ही पद्धत अमेरिकन नौदलातून आली आणि कैसर परमनन्टे या संस्थेने ती रुग्णालयांत रुळवली. आपल्याकडच्या ओव्हरमध्ये पहिले दोन भाग बहुतेक वेळा येतात, 'बारा नंबरला सलाईन चालू आहे, काल ऑपरेशन झाले आहे' इतपत. चौथा भाग, म्हणजे पुढच्या पाळीने नेमके काय पाहायचे आणि किती वाजता, तो राहून जातो. ओव्हर खाटेशी उभे राहून दिली की टेबलाशी बसून, किती मिनिटे चालली, मध्ये किती वेळा कोणी हाक मारली आणि रुग्णाला किंवा नातेवाइकांना काही विचारले का, याच्या खुणा करण्यापुरता एका पानाचा तक्ता पुरेसा होतो. आपण पाहत आहोत हे कळल्यावर वागणूक बदलते, म्हणून पहिल्या काही दिवसांची निरीक्षणे घ्यावीत पण विश्लेषणात धरू नयेत. मामा आणि मावशींनाही (वॉर्डातील मदतनिसांनाही) विसरू नका. रात्री आजीने जेवण परत पाठवले, ही बातमी बहुधा त्यांच्याकडेच असते आणि ती ओव्हरमध्ये येत नाही.

मनुष्यबळ विकास म्हणजे प्रशिक्षण शिबिरे का?

नाही. शिबिर हा त्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत फोटोजोगा भाग आहे. परिचारिका सेवेत कशा येतात, कशा टिकतात, कशा वाढतात आणि का सोडून जातात, हा पूर्ण प्रवास यात येतो. पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिक्या अवस्थेपासून तज्ज्ञ अवस्थेपर्यंत पाच टप्पे मांडले. तज्ज्ञ परिचारिका रुग्णाकडे पाहूनच 'हा बिघडणार' असे सांगते आणि मॉनिटर ते नंतर सांगतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्या व्यवस्थेत अशी अधिपरिचारिका परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज) होते, पुढे अधिसेविका (मेट्रन) होते आणि प्रत्येक बढतीबरोबर रुग्णाच्या खाटेपासून दूर, इंडेंट (साहित्याची मागणीपत्रे) आणि ड्युटीच्या तक्त्याकडे सरकते. खाटेपाशी राहूनच पद आणि पगार वाढेल, असा मार्ग अगदी अरुंद आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०१७ मध्ये आणलेला अतिदक्षता विभागासाठीचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आणि २०१८ पासून उभी राहिलेली समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची फळी हे त्या दिशेचे दोन प्रयत्न आहेत. शिकून बाहेर पडलेल्यांना प्रत्यक्षात कोणते काम दिले जाते, हा त्यावरचा चांगला संशोधन प्रश्न होईल.

खासगी रुग्णालयांतील बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार), मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे आणि दोन वर्षांचा अनुभव होताच परदेशाची किंवा सरकारी भरतीची वाट धरणे, हेही मनुष्यबळाचेच प्रश्न आहेत. त्यांवर काम करताना रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागाकडून राजीनाम्यांची कारणे घेऊ नयेत. तेथे 'वैयक्तिक कारण' एवढेच लिहिलेले असते. सोडून गेलेल्यांशी सहा महिन्यांनी बोलावे.

परिचारिकांच्या तुटवड्याचे आकडे कोठले घ्यावेत?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तुटवडा ५८ लाखांचा होता. स्थानिक अभ्यासासाठी मात्र राज्य परिषदेच्या नोंदणीचा आकडा जसाच्या तसा वापरू नये. नोंदणी असलेली प्रत्येक परिचारिका आज कामावर असतेच असे नाही.

मी जीएनएम (परिचर्येची पदविका) झाले आहे. मला संशोधन करता येईल का?

जरूर करता येईल. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याकडे कोणतीही पदवी नव्हती. क्रिमियन युद्धातील सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या आजारांनी अधिक मरत होते, हे त्यांनी १८५८ मध्ये आकृत्या काढून दाखवले. पदवी नसल्याने अडत नाही, मार्गदर्शक नसल्याने अडते. जवळच्या परिचर्या महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापिकेला सहसंशोधक म्हणून घ्या. तिला प्रकाशन हवे असते आणि आपल्याकडे वॉर्ड असतो.

नमुना किती घ्यावा?

पाच टक्के चूक आणि ९५ टक्के विश्वासपातळी धरून प्रमाण काढायचे असेल, तर सूत्राने ३८४ येतात आणि विद्यार्थी घाबरतात. एकूण संख्याच मर्यादित असेल तर हा आकडा खाली येतो. रुग्णालयात एकूण १२० परिचारिका असतील, तर ९२ पुरतात. पण ९२ जणींना विचारणार असाल तर उरलेल्या २८ जणींनाही विचारून टाकावे, म्हणजे निवडीचा प्रश्नच मिटतो. मुलाखतींच्या अभ्यासाला हे सूत्र लागू नाही. तेथे नवे काही येईनासे झाले की थांबायचे असते.

इंग्रजी प्रश्नावली मराठीत कशी आणावी?

एकाने मराठीत करावी, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ती परत इंग्रजीत न्यावी, दोन्ही ताडून पाहावे आणि मग दहा-बारा परिचारिकांकडून मोठ्याने वाचून घ्यावी. वाचताना त्या जेथे अडखळतात तेथे भाषांतर फसलेले असते. कामाच्या थकव्यासाठी मास्लाक यांची २२ विधानांची मापनी प्रसिद्ध आहे, पण तिचा परवाना विकत घ्यावा लागतो. कोपनहेगनची १९ विधानांची मापनी विनामूल्य वापरता येते.

प्रश्नावली कोण वाटते, हेही मापनीइतकेच महत्त्वाचे असते. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात मी एका रुग्णालयात कामाच्या समाधानाची प्रश्नावली इन्चार्ज सिस्टरांच्या हाती वाटायला दिली होती. संध्याकाळी चाळीस प्रश्नावल्या नीट रचून परत मिळाल्या आणि त्या चाळिसांतही 'पूर्णपणे सहमत' या रकान्यात एकाच निळ्या पेनाच्या खुणा होत्या. सहा आठवडे वाया गेले. तेव्हापासून बंद पेटी ठेवते आणि पेटी वॉर्डाच्या बाहेर, चेंजिंग रूममध्ये ठेवते.

रुग्णांना हात न लावता केवळ परिचारिकांना प्रश्न विचारणार असेन, तरी नैतिकता समितीची परवानगी लागते का?

लागते, आणि माहिती गोळा करण्याआधी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्यावर वरिष्ठांचा दबाव येऊ शकतो, हे गृहीत धरलेले आहे. आपल्याच हाताखालच्या सिस्टरांवर अभ्यास करणार असाल, तर संमतीपत्र दुसऱ्या कोणाकडून घ्या. केस पेपरचे फोटो स्वतःच्या मोबाईलवर काढू नका. आवश्यक तेवढीच माहिती, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक टाकून, कागदावर उतरवून घ्या.

निष्कर्ष प्रशासनाला अडचणीचे ठरले तर?

अशी वेळ येते, म्हणून परवानगी मागतानाच निष्कर्ष कोणाला, कोणत्या स्वरूपात दिले जातील हे लेखी ठरवून घ्यावे. आकडे बदलू नयेत, वॉर्डांची नावे मात्र सांकेतिक ठेवावीत. अधिसेविकांसमोर मांडताना 'मनुष्यबळ अपुरे आहे' या वाक्याने सुरुवात केली तर ते ऐकूनच त्यांची वर्षे गेलेली असतात. त्याऐवजी एका आठवड्यातील डिस्चार्जची संख्या, प्रत्येकाला समजावून सांगण्यासाठी मिळालेली मिनिटे आणि त्यांतले किती रुग्ण महिन्याच्या आत परत आले, असा एका पानाचा मराठी तक्ता समोर ठेवावा. तो त्यांना पुढे पदमागणीच्या प्रस्तावाला जोडता येतो.

अभ्यास पूर्ण झाल्यावर तो कोणाला द्यावा?

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक प्रत जातेच. एक प्रत त्या वॉर्डात द्यावी, आणि अभ्यास गावपातळीचा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेत दहा मिनिटे मागून घ्यावीत. आशाताईंना तक्ते दाखवताना टक्केवारी सांगू नका, 'दहांपैकी चार' असे सांगा. आणि बोलून झाल्यावर लगेच निघू नका, कारण आपल्या यादीतून कोणती घरे सुटली, हे त्या चहाच्या वेळीच सांगतात.